नकाशावरचा ठिपका सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
समाजमाध्यम कंपन्यांमध्ये 'लोकेशन' ही सुविधा आखणारी आणि चालवणारी सर्व मंडळी यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीला मी गेल्या वर्षभरात चार वेळा एकच विनंती केली. नकाशावरचा एक ठिपका काढा, आणि काढता येत नसेल तर निदान थोडा पुसट करा. तीनदा काहीच उत्तर आलं नाही. चौथ्यांदा आलं ते असं, की आम्ही तपासणी केली असून या ठिकाणात बदल करण्याची गरज आढळली नाही. खाली कुणाचं नाव नाही, उलट लिहायला पत्ता नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. कंपनीचं नाव घालत नाही, कारण तुम्हा सगळ्यांचे फॉर्म थोड्याफार फरकाने सारखेच आहेत आणि मला एकीशीच भांडायचं नाही.

आधी माझा गुन्हा सांगते. तो ठिपका मीच टाकला होता.

आठ वर्षांपूर्वी एका कड्याच्या पोटात दडलेल्या डोहापाशी मी पोचले. जागेचं नाव लिहीत नाही, कारण उघड आहे. वाट दाखवली होती शेळ्या घेऊन निघालेल्या एका बाईंनी, पण नुसती वाट दाखवून त्या थांबल्या नाहीत. दुपारनंतर उतरू नकोस, वर पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी पाणी एकदम चढतं. उजव्या हाताच्या कपारीत पाखरं अंडी घालतात, तिकडे फिरकू नकोस. पाण्यात साबण नको, हेच पाणी पुढे आम्ही पितो. आणि परत येताना मला हाक मारून जा, म्हणजे तू वर आलीस हे मला कळेल. पाच मिनिटांचं बोलणं. मी उतरले, तासभर बसले, वर येऊन हाक मारली आणि घरी आल्यावर फोटो टाकला. ॲपने विचारलं, लोकेशन जोडायचं का? मी जोडायला गेले तर यादीत ती जागाच नव्हती. नवीन नाव तयार करायची सोय होती, म्हणून मी एक गोडसं नाव ठेवून दिलं. आज ती जागा त्याच नावाने ओळखली जाते. तिचं खरं नाव काय, हे त्या बाईंना विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

दोन वर्षं काही झालं नाही. मग कुणीतरी त्याच जागेवर रील केलं, वीस सेकंदांचं, पावसाळ्यानंतरच्या एका स्वच्छ सकाळचं. त्याखालच्या कमेंट मी वाचल्या आहेत. 'लोकेशन प्लीज.' 'एक्झॅक्ट लोकेशन डीएम करा ना.' 'सेव्ह करून ठेवा, जायचंय.' शंभर कमेंटमध्ये 'तिथे कसं वागायचं' असं विचारणारी एकही नव्हती, आणि याबद्दल मी त्या मुलांना दोष देणार नाही, कारण मीही कधी तसं विचारलं नव्हतं. मला ते कुणीतरी आपणहून सांगितलं होतं, एवढाच फरक.

गेल्या वर्षी मी परत गेले. पायवाट आता चार माणसं शेजारी शेजारी चालतील इतकी रुंद झाली आहे आणि मधोमध तिला चर पडला आहे. पाऊस आला की सगळं पाणी त्या चरातूनच धावतं आणि माती डोहात नेऊन टाकतं. उजव्या हाताच्या कपारीत लोक शौचाला जातात, कारण तेवढाच आडोसा आहे. पाखरं दिसली नाहीत. बाई भेटल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. शेळ्या आता दुसऱ्या अंगाने नेते म्हणाल्या, इकडे गाड्या फार. ठिपक्याची गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही.

घरी येऊन मी माझी पोस्ट काढून टाकली. ठिपका तसाच राहिला. तोवर त्याला हजारो लोकांचे फोटो लटकलेले होते आणि तो माझा उरला नव्हता.

बाईंनी वाटेबरोबर चार अटी दिल्या होत्या. तुमच्या ठिपक्याने वाट तेवढी उचलली आणि अटी गाळल्या. माझी तक्रार एवढीच आहे. पुढे लिहिते आहे तो तिचा तपशील.

माझा डोह कुणाच्या खिजगणतीत नाही हे मला माहीत आहे. पण जगभरातल्या ज्या जागा बातमीत आल्या त्यांच्या कथा मी वाचत गेले आणि प्रत्येक ठिकाणी तोच कच्चा दुवा सापडत गेला. नॉर्वेत ट्रोलटुंगा नावाचा एक खडक आहे. सरोवरावर सुमारे ७०० मीटर उंचीवर जिभेसारखा बाहेर आलेला. २०१० मध्ये तिथे वर्षाला आठशेच्या आसपास माणसं जायची. २०१६ पर्यंत हा आकडा ८०,००० वर गेला. खडक तोच, चढणही तीच, जाऊन-येऊन पूर्ण दिवस खाणारी. बदलली होती ती एका फोटोची ये-जा. त्या फोटोत जिभेच्या टोकावर एकटा माणूस दिसतो. त्याच खडकावर उभं राहायला कॅमेऱ्याच्या मागे लागलेली रांग फोटोत येत नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अचूकतेची. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन माणसाची जागा सुमारे ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो. हरवलेल्याला शोधायला हे वरदान आहे, मान्य. पण माणूस फोटो टाकतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा 'मी अमुक डोंगररांगेत होतो' एवढंच सांगायचं असतं. तुमची यादी त्याच्यापुढे त्या रांगेतला नेमका धबधबा, नेमकं झाड, नेमका कठडा ठेवते. जास्त नेमकं ते जास्त चांगलं, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. जपानमध्ये फुजिकावागुचिको या गावात याची परिसीमा झाली. फुजी पर्वत दिसतो शेकडो ठिकाणांहून. लोकांना तो एका ठरावीक दुकानाच्या छपरामागूनच हवा होता, समोरच्या पदपथावर उभं राहूनच. गर्दी रस्त्यावर येऊ लागली, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात शिरू लागली. अखेर मे २०२४ मध्ये तिथे काळी जाळी लावावी लागली. अडीच मीटर उंच आणि २० मीटर लांब. एवढ्या मोठ्या पर्वताचा उपद्रव वीस मीटरांत मावला, यातच सगळं आलं. काही दिवसांत लोकांनी जाळीला कॅमेऱ्याच्या भिंगाएवढी भोकं पाडली.

इथे एक गोष्ट तुमच्या पदरात आवर्जून टाकते. फोटोच्या फाइलमध्ये दडलेले अक्षांश-रेखांश तुम्ही फोटो सगळ्यांना दाखवताना काढून टाकता. का? तर कुणाला माझ्या घराचा पत्ता लागू नये म्हणून. अगदी योग्य करता. पण म्हणजे अचूक जागा उघड होण्यात धोका असतो हे तुम्हाला कळतं. तो धोका फोटो काढणाराला आहे तोवर कळतं. फोटोतल्या जागेला असला की कळेनासं होतं.

दुसरी तक्रार: ठिपक्याला वेळ कळत नाही. जागेला ऋतू असतो, भरती-ओहोटी असते, विश्रांती असते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या खडकात आठच्या आकड्यासारखे नैसर्गिक कुंड आहेत. फोटोत पाणी आरशासारखं दिसतं, कारण फोटो शांत ओहोटीचे असतात. भरतीच्या वेळी आणि मोठ्या लाटा असताना तोच खडक माणसाला खरवडून टाकतो. २०१६ च्या सुरुवातीला तिथे लाटांनी बरीच माणसं जखमी केली. पुढे उद्यानाच्या व्यवस्थापनाला त्या एका जागेसाठी लाटांच्या धोक्याचा अंदाज जाहीर करत राहावं लागलं. तो अंदाज उद्यानाच्या संकेतस्थळावर असतो. माणूस येतो तुमच्याकडून. या दोन गोष्टींची गाठ कुठे पडते, ते मला दाखवा.

आइसलँडमधल्या फ्यादरारग्ल्युफुर या घळीचंही असंच. (हे नाव उच्चारताना मी दोनदा अडखळते, तिथे जाणाऱ्याला मात्र ते उच्चारावं लागत नाही, बोट ठेवलं की झालं.) २०१५ मध्ये एका जगप्रसिद्ध गायकाच्या गाण्याच्या व्हिडिओत ती घळ दिसली. नंतरच्या काही वर्षांत तिथे दहा लाखांहून जास्त माणसं येऊन गेली. बर्फ वितळून जमीन भिजलेली असते त्या दिवसांत चिखल टाळायला लोक वाटेच्या कडेने चालले, कडा तुडवल्या गेल्या की आणखी कडेने. तिथल्या थंडीत शेवाळ आणि छोटी झुडपं फार हळू वाढतात. एका पावलाची भरपाई व्हायला कित्येक वर्षं लागू शकतात. २०१९ मध्ये घळ काही महिने बंद ठेवली आणि लोक कुंपण ओलांडून आत जातच राहिले. व्हिडिओत कुंपण नव्हतं ना.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर या छोट्या शहराजवळच्या टेकड्या केशरी फुलांनी भरून गेल्या. शहराची वस्ती साठ-सत्तर हजारांची. एका शनिवार-रविवारी त्याहून जास्त माणसं तिथे लोटली, महामार्ग तुंबला, शहराला काही काळ वाटा बंद कराव्या लागल्या. फुलांत बसून, लोळून फोटो काढले गेले. तिथल्या त्या झाडाचा बहुतेक सगळा संसार एका हंगामाचा असतो. फूल चिरडलं तर बी धरत नाही, आणि जमीन टणक झाली तर पडलेलं बी रुजत नाही. म्हणजे फोटो काढणाऱ्याने एका दुपारी पुढच्या सालातली फुलंही तुडवली. २०२३ मध्ये फुलं पुन्हा आली तेव्हा प्रशासनाने ती टेकडी सरळ बंदच ठेवली. ज्यांना वाटेवरून नीट चालायचं होतं त्यांनाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त बोचते. जागेच्या राखणदाराला तुमच्या नकाशात जागाच नाही. दुकानदार स्वतःच्या दुकानाच्या पानावर हक्क सांगू शकतो, वेळ बदलू शकतो, 'आज बंद' लिहू शकतो. हे तुम्ही त्याला आनंदाने देता, कारण तो जाहिरात देईल. रानाला, गल्लीला, डोहाला, कुणाच्या तरी दारासमोरच्या वाकड्या झाडाला असा हक्क सांगणारा कुणी नाही. पॅरिसमधल्या क्रेमियू गल्लीतल्या रंगीत घरांसमोर दिवसभर नाच, कवायती आणि लग्नाआधीचे फोटो चालत. तिथल्या रहिवाशांनी २०१९ मध्ये महापालिकेकडे गल्लीला फाटक बसवा अशी मागणी केली. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या पॉम्फ्रेट या हजाराच्या आत वस्ती असलेल्या गावाने २०२३ च्या पानगळीत, ऐन फोटोंच्या मोसमात, आपला रस्ता बाहेरच्यांना काही आठवडे बंद केला, कारण एका खासगी शेतघराचा फोटो काढायला येणाऱ्यांनी अंगणं आणि नाले सोडले नाहीत. स्पेनच्या मिनोर्का बेटावरच्या बिनिबेका वेल या वस्तीत दोनशेच्या आत घरमालक आहेत आणि वर्षाला सुमारे आठ लाख पाहुणे. त्यांनी २०२४ मध्ये येण्याच्या वेळा ठरवून दिल्या. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट या साधारण साडेसातशे वस्तीच्या गावात मोसमात एका दिवसात दहा हजारांपर्यंत माणसं येतात. २०२३ मध्ये त्यांनी सेल्फीच्या जागेवर लाकडी आडोसा उभा केला, म्हणजे डोंगरच दिसू नये. समाजमाध्यमांवर इतकी ओरड झाली की तो काढावा लागला.

फाटक, जाळी, आडोसा, पोलीस. या सगळ्यांनी खऱ्या जगात कड्या घातल्या, कारण तुमच्या जगात त्यांना कडी घालायला दारच नव्हतं. आपलाच डोंगर आपल्याच पाहुण्यांपासून फळ्या ठोकून झाकणारं गाव किती वैतागलं असेल, याचा विचार तुमच्या बैठकीत एकदा तरी झाला आहे का?

चौथी तक्रार थोडक्यात. भार दुसऱ्यावर पडतो. घसरलेल्यांना उतरवून आणणाऱ्या पथकांत अनेक देशांत बिनपगारी स्वयंसेवक असतात; आइसलँडची सगळी व्यवस्था त्यांच्यावर उभी आहे. स्वच्छतागृह, वाहनतळ, कचरा, रुग्णवाहिका हे सगळं कुठल्या तरी लहानशा स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकातून होतं. आणि सगळ्यांत वाईट बाजू तर मोजलेली आहे: ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या बातम्या चाळून भारतीय वैद्यकीय संशोधकांनी सेल्फी घेताना झालेले २५९ मृत्यू नोंदवले. त्यात बुडून गेलेले सर्वाधिक. सगळेच ठिपका पाहून गेले होते असं मी म्हणत नाही. पण डोहाबद्दल माहिती नसताना डोहाच्या काठावर उभं राहणं म्हणजे काय, हे मी त्या बाईंकडून शिकले आहे.

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक नाही असं समजू नका.

तुम्ही म्हणाल, प्रसिद्धी आमच्या आधीपासून आहे. खरं आहे. थायलंडमधला माया बे हा किनारा तुमच्या जन्माआधीच एका चित्रपटाने जगभर नेला. गर्दीने प्रवाळांची इतकी हानी झाली, की २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत तो बंद ठेवावा लागला. म्हणजे गर्दीचा शोध तुम्ही लावलेला नाही. पण चित्रपट पाहणाऱ्याला तिथे जायचं तर निदान कुणाला तरी विचारावं लागायचं. विचारताना थोडं ऐकावं लागायचं. तुम्ही ते विचारणं काढून घेतलंत.

तुम्ही म्हणाल, जागा लपवून ठेवणं ही मूठभरांची मिजास आहे. इथे मी खरोखर थबकते. पूर्वी अशा जागा कुणाला माहीत असायच्या? ज्यांच्या ओळखी होत्या, ज्यांच्याकडे वेळ आणि गाडी होती, जे एखाद्या गिर्यारोहण मंडळात होते. एकटी फिरणारी बाई, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, घरात कुणीच कधी डोंगरात न गेलेला मुलगा यांना तुमच्या ठिपक्याने खरंच दार उघडून दिलं. लोकेशन न सांगणाऱ्याच्या स्वरात कित्येकदा 'आम्ही आधी आलो' एवढाच माज असतो. मी स्वतः डोहाचं नाव लिहीत नाही, तेव्हा माझ्यातही तो थोडा असेल. आणि जिथे गावाला पाहुणे हवे आहेत, जिथे त्यांच्यावर चूल पेटते, तिथे ठिपका पुसा असं सांगणारी मी कोण?

म्हणूनच माझी मागणी 'पुसा' अशी नाही. ज्याची जागा त्याला बोलू द्या, एवढी आहे.

आणि हे तुम्हाला जमत नाही असं मात्र सांगू नका. डिसेंबर २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने वन्यप्राण्यांसोबतच्या सेल्फींशी जोडलेले हॅशटॅग कुणी शोधले तर आधी एक सूचना दाखवायला सुरुवात केली: प्राण्यांना किंवा पर्यावरणाला इजा करणाऱ्या वागण्याशी हा शब्द जोडलेला असू शकतो. शोध बंद केला नाही, फक्त दारात एक माणूस उभा केला. महासाथीच्या काळात तर कुठल्याही पोस्टखाली माहितीची पट्टी लावणं तुम्हा सगळ्यांना एका रात्रीत जमलं होतं. निसर्गनोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट हे व्यासपीठ संकटातल्या प्रजातींची नोंद आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी विखरून दाखवतं. शास्त्रज्ञाला कामापुरतं कळतं, शिकाऱ्याला बिळापर्यंत जाता येत नाही. फ्रान्समधल्या कालांक राष्ट्रीय उद्यानाने सुगितों या खाडीबद्दल आधी स्वतःच नाउमेद करणारे फोटो दाखवले, खेचाखेच गर्दीचे. मग २०२२ पासून उन्हाळ्यात दिवसाला ४०० जणांना मोफत परवाना ठेवला. त्याआधी तिथे एका दिवसात अडीच हजारांपर्यंत माणसं उतरत.

तुमच्याकडे पुसट करण्याची सोय नाही म्हणून लोकांनी काय केलं तेही पाहा. अमेरिकेतल्या जॅक्सन होल भागाच्या पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये एक मोघम लोकेशन तयार केलं आणि नेमक्या तळ्याऐवजी हे जोडा असं सांगितलं. पुढच्या वर्षी डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या फ्रान्समधल्या शाखेने 'मी निसर्ग जपतो' अशा अर्थाचं एक लोकेशन काढलं. ते उघडलं की माणूस रानात न पोचता संस्थेच्या कचेरीवर पोचतो. मला हे वाचून हसू आलं आणि मग लाज वाटली. जगातल्या एवढ्या मोठ्या नकाशात खरं बोलायची सोय नाही म्हणून भल्या माणसांना खोटा ठिपका पेरावा लागतो.

उलट तुमची पावलं दुसऱ्याच दिशेने पडताना दिसतात. फोटोंचा वैयक्तिक नकाशा इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये काढून टाकला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये नकाशा नव्या रूपात परत आला, लोकेशन जोडलेल्या पोस्ट आणि रील त्यावर दिसतील असा. म्हणजे आता कुणाला 'लोकेशन प्लीज' असं टाइप करायचीही तसदी नको.

तेव्हा मागण्या लिहिते. क्रमाने आहेत, सगळ्या जमत नसतील तर पहिलीपासून सुरू करा.

एक. राखणदाराला किल्ली द्या. उद्यान, वनखातं, ग्रामसंस्था, रहिवाशांची सोसायटी, ज्याच्या जमिनीवर ती जागा आहे तो मालक, यांना दुकानदाराप्रमाणेच ओळख पटवून जागेच्या पानावर हक्क सांगता आला पाहिजे. त्यांनी लिहिलेल्या चार ओळी फोटोंच्या वर दिसल्या पाहिजेत, कुठल्या तरी तिसऱ्या टिचकीनंतर नव्हे. 'भरतीला येऊ नका', 'हे खासगी घर आहे', 'घरटी आहेत, अमुक महिने बंद'. आणि जागेचं खरं नाव काय ते ठरवण्याचा हक्कही त्यांचाच असू द्या. माझ्यासारख्या एका दिवसाच्या पाहुणीचा नको.

दोन. निसर्गातल्या जागा आणि राहती घरं यांच्यासाठी आधीपासूनची निवड परिसराची ठेवा, बिंदूची नको. ज्याला नेमकी जागा द्यायचीच आहे त्याने ती मुद्दाम निवडावी. एक जास्तीची टिचकी. तेवढ्याने पुष्कळ जण थांबतील, कारण बहुतेकांना नेमकी जागा द्यायची नसतेच, तुम्ही समोर ठेवता म्हणून ते देतात.

तीन. एखाद्या जागेची लोकप्रियता अचानक चढू लागली की ते जगात सगळ्यांत आधी तुम्हाला कळतं, गावाला कळतं ते शनिवारी सकाळी गाड्या आल्यावर. ती सूचना राखणदाराला आधी द्या, आणि त्याने सांगितलं तर त्या जागेची शिफारस काही काळ थांबवा. पोस्ट काढू नका, फक्त अनोळखी लाखो लोकांपुढे स्वतःहून ढकलू नका. किती लोकांनी ती जागा पाहिली आणि जतन केली, हे आकडे त्या भागाच्या स्थानिक संस्थेला फुकट मिळाले पाहिजेत. जाहिरातदाराला तुम्ही याहून बारीक आकडे देता.

चार. तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक पर्याय वाढवा. आज मला मिळतात ते असे: नाव चुकलं आहे, पत्ता चुकला आहे, दोनदा नोंद झाली आहे, कायमचं बंद झालं आहे, ही जागा अस्तित्वात नाही. 'ही जागा आहे, पण तिला इतकी माणसं झेपत नाहीत' असं सांगायची सोय कुठेच नाही. ती करा. आणि उत्तराखाली माणसाचं नाव असू द्या, म्हणजे समजलं नाही तर पुन्हा विचारता येईल.

याखेरीज काही नको. नुकसानभरपाई नको, माफी नको, 'जबाबदार पर्यटन' या विषयावर हिरव्या रंगातलं एक दिवसाचं स्टिकर तर अजिबातच नको. फोटो टाकणाऱ्या पोरांवर खापर फोडणारी मोहीमही नको. एकमेकांची लोकेशनं पकडून कमेंटमध्ये अपमान करणारे स्वयंघोषित रखवालदार आधीच पुष्कळ झाले आहेत, त्यांच्यामुळे आजवर एकही पायवाट अरुंद झालेली नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी अजूनही फिरते, फोटोही टाकते. नावाऐवजी त्या बाईंसारखं चार ओळींत लिहिते, पाणी कसं आहे, कुठे पाय टाकू नये, कुणाला विचारून जावं. असल्या पोस्ट फारशा कुणापर्यंत पोचत नाहीत. ते ठीक आहे.

पाचव्यांदा फॉर्म भरायला बसले तेव्हा मात्र माझं बोट एका पर्यायावर बराच वेळ थांबलं होतं. 'ही जागा अस्तित्वात नाही.' तो दाबला असता तर कदाचित तुमच्या यंत्राने विनातक्रार मानलाही असता. तो फॉर्म मी अर्धवट भरून तसाच ठेवला आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत पाठवणार नाही.

आपली,
तो ठिपका पहिल्यांदा टाकणारी